चाकावरचं पाणी

ट्रकच्या चाकावर पाणी टाकल्याने ब्रेक सुधारत नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवतो. उलट ड्रममध्ये पाणी शिरलं तर थोडा वेळ ब्रेक धरतच नाहीत. भर पावसाळ्यात नाल्यावरच्या रपट्यातून, म्हणजे पाण्याखाली गेलेल्या बुटक्या पुलावरून, गाडी काढलेल्या कोणत्याही ड्रायव्हरला विचारा, तो हेच सांगेल. तरीही मी स्वतः कितीतरी वर्षं, रोज, एका बाईच्या हातून गाडीच्या पुढच्या चाकावर पाणी टाकून घेत होतो. का घेत होतो, ते सांगायला बसलो आहे. बाकी नोकरी कुठे लागली, लायसन कधी निघालं, असल्या गोष्टींत कोणाला रस असतो? मलाच नाही.

नाकाडोंगरीकडच्या खाणीतून मँगनीज भरायचं आणि तुमसर रोडच्या रेल्वे सायडिंगवर नेऊन टाकायचं, हे आमचं काम. सत्तरीच्या दशकात सगळ्या बोनेटवाल्या गाड्या होत्या, उन्हाळ्यात केबिनमध्ये पाय भाजायचे. मँगनीज हा फसवा माल आहे. गाडीचा मागचा डाला अर्धासुद्धा भरलेला दिसत नाही आणि वजन मात्र पुरेपूर झालेलं असतं. नवीन माणूस बघतो आणि म्हणतो, अजून दोन टोपल्या मावतील की! मावतील बाप्पा, पण उतारावर त्या दोन टोपल्या तुझ्या पाठीवर येतील.

उतार आमच्या रस्त्यावर एकच होता, पण पक्का होता. जंगलनाक्याचं बॅरिअर ओलांडलं की थोडं सपाट, मग एक वळण, आणि वळणानंतर रस्ता सरळ खाली नाल्यापर्यंत जायचा. खाली रपटा, आणि रपट्याच्या तोंडाशीच पुन्हा वळण. ज्याने तो रस्ता आखला तो माणूस बैलगाडीतून आला असावा. भरलेली गाडी तिथून दुसऱ्या गेअरमध्ये उतरवायची, असा नियम. गेअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेकवर भार येत नाही. इंजिन गुरगुरतं, आवाज करतं, पण गाडी ताब्यात राहते. काही शहाणे काय करायचे, तर उताराला गेअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडून द्यायचे. डिझेल वाचतं, शेठ खुश, फेरी लवकर होते. मग गाडीला धरायला फक्त ब्रेक उरतात, आणि तापलेले ब्रेक कोणाचे नातेवाईक नसतात.

आता देवाधर्माचं. काही न म्हणता चावी फिरवणारा ड्रायव्हर मी आयुष्यात पाहिला नाही. लतीफभाई बिस्मिल्ला म्हणून पाय आत टाकायचा. बळीराम आमच्या लायनीतला सगळ्यात जुना माणूस, तो स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा आणि उदबत्ती पेटवायचा. एकदा त्या उदबत्तीने समोरची झालर पेटली, तर गाडी थांबवून आधी त्याने हनुमानाचा फोटो वाचवला आणि मग स्वतःची पँट विझवली. आम्ही वर्षभर त्याला त्यावरून छळलं.

माझं वेगळं होतं. मी लहान असताना आमच्या घराने धम्म घेतला आणि बापाने घरातले सगळे देव वैनगंगेत शिरवले. त्यामुळे नारळ नाही, लिंबू-मिरची नाही. मी सीटवर बसून पंचशील म्हणायचो, आणि मग खाली उतरून टामीने, चाक खोलायच्या लोखंडी दांड्याने, एकेक टायर ठोकून बघायचो. बळीराम म्हणायचा, मेश्रामची पूजा टायरची असते. असू दे. मला एवढं कळलं आहे की प्रार्थना गाडीसाठी नसतेच. बायकोशी झालेलं भांडण, पोराचा ताप, शेठचे शब्द, हे सगळं माणूस डोक्यावर घेऊन केबिनमध्ये चढतो. त्या दोन मिनिटांत ते खाली उतरतं आणि माणूस एकटा गाडीत बसतो.

त्या नाक्यावर सगुणामामीचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या, वर पळसाची पानं, एक चूल आणि दोन बाकडी. मामी ढिवराच्या घरची. नवरा तापाने गेला होता, लेकरू नव्हतं. चहा, भजी, कधी नाल्यातले मासे तळून द्यायची. बोलायला तिखट. चहाला नावं ठेवली तर म्हणायची, घरी जाऊन बायकोले सांग, माह्या चुलीले नको शिकवू.

पाण्याचं कसं सुरू झालं तेही सांगतो, कारण नंतर लोकांनी त्यात स्वप्न आणि दृष्टान्त घातले. उन्हाळ्याचे दिवस होते. बळीरामची गाडी हॉटेलसमोर उभी होती आणि मामीने लोट्यात उरलेलं पाणी धूळ बसावी म्हणून फेकलं, ते त्याच्या चाकावर पडलं. एवढंच. त्याच दिवशी उताराच्या पायथ्याशी बळीरामच्या गाडीसमोर मोहाचं वाळलेलं झाड कडाडून पडलं, बोनेटपासून हातभर अंतरावर. दुसऱ्या दिवशी बळीराम नाक्यावर आला आणि म्हणाला, मामी, कालच्यासारखं पानी टाक. मग दुसऱ्याने मागितलं, मग तिसऱ्याने. महिन्याभरात अशी रीत पडली की भरलेली गाडी बॅरिअरला लागली की मामी पितळेचा लोटा घेऊन यायची, पुढच्या डाव्या चाकावर पाणी टाकायची आणि चाकाला हात लावायची. मग बॅरिअर उठायचं.

आता यातली गंमत ऐका. मामी विधवा होती. तिच्या गावात लग्न असलं की तिला हळदीला हात लावू देत नसत. मांडवात ती मागच्या बाजूला भांडी घासायला बसायची. सख्ख्या पुतणीच्या लग्नात ओवाळायला पुढे झाली, तर भावजयीने हातातलं ताट काढून घेतलं. हे तिने मला स्वतः सांगितलं होतं, भजी काढता काढता, दुसऱ्या कोणाचं तरी सांगावं तसं. आणि इथे नाक्यावर मिशीवाले ड्रायव्हर तिच्या हातासाठी रांगेत उभे राहायचे. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा पुजाऱ्याने नारळ फोडला, पण पहिलं पाणी टाकायला खास माणूस पाठवून मामीला बोलावलं. ती त्या दिवशी धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली होती. लोटा चिंचेने घासून सोन्यासारखा केला होता. पाणी टाकून झाल्यावर ती बराच वेळ चाकावर हात ठेवून उभी राहिली. तिला दुनियेत मान मिळाला तो या एकाच जागी, आणि ही जागा आम्ही दिली होती, हे लक्षात ठेवा.

मीही पाणी घ्यायचो. माझ्या जातभाईंनी विचारलं, काहून बे, तू तं देव मानत नाई? मी म्हणायचो, हा देव नाही, माणूस आहे. आपण सुखरूप यावं असं कोणीतरी रोज हात लावून म्हणतं आहे, त्याला नाही म्हणण्याएवढा मी मोठा झालो नाही.

सुखदेव आमच्यात सगळ्यात लहान ड्रायव्हर. सानगडीकडचा, धानाच्या शेतीतल्या घरचा. घरी आई, तिला हा एकटाच. हौशी पोरगा. गाडीच्या आरशांना रंगीत गोंडे, केबिनला झालर, हॉर्न असा की जंगलातली वानरं पळायची. मामीवर त्याचा फार जीव. रिकामी गाडी परत आणतानाही थांबून पाणी टाकून घ्यायचा. मामी म्हणायची, रिकाम्या गाडीले कायले रे? तो म्हणायचा, मी तं भरलेलाच हावो ना.

तो उतारावर न्यूट्रल मारायचा. मला एकदा दिसलं, मी त्याला सायडिंगवर बाजूला घेऊन चांगला झापला. तो हसत होता. म्हणाला, "भाऊ, तुमी पंचशील म्हनता ना? माह्या चाकाले मामीचं पानी हाय. मले काय होते?"

मी टामी दाखवली आणि म्हणालो, पुन्हा दिसला तर ही पाठीत. तो पाया पडल्यासारखं करून पळाला.

कापणीचे दिवस होते, सकाळची थंडी. नाक्यावर सुखदेवची गाडी पुढे, माझी मागे. मामीने त्याच्या चाकावर पाणी टाकलं. त्याने वरून काहीतरी चेष्टा केली आणि ती लोटा उगारून हसली. मग माझ्या चाकावर टाकलं. बॅरिअर उठलं, आम्ही निघालो. वळण संपलं आणि पुढच्या इंजिनाचा आवाज बंद झाला. ड्रायव्हरला हा आवाज बरोबर कळतो, आईला पोराचं रडणं थांबलेलं कळतं तसा. मी हॉर्न दाबला, दाबतच राहिलो. त्याच्या गाडीचा मागचा लाल दिवा लागला, विझला, लागला, विझला, आणि मग लागलेलाच राहिला. म्हणजे पाय ब्रेकवर पूर्ण दाबलेला होता आणि गाडी धरत नव्हती. क्लीनरने उडी मारली. रपट्याचं वळण त्याला घेता आलं नाही. गाडी तोंडावर नाल्यात गेली आणि डाल्यातलं सगळं मँगनीज पुढे सरकून केबिनवर आलं.

मी, त्याचा क्लीनर आणि मागून आलेले दोघं, आम्ही हातांनी दगड काढत होतो. नखं निघाली तरी कळलं नाही. तेवढ्यात उतारावरून मामी पळत आली, हातात तोच लोटा. सुखदेवचं तोंड मोकळं झालं तेव्हा तिने त्याच्या ओठांवर पाणी सोडलं. ते आत गेलं नाही. तो आधीच संपला होता. तिने पदराने त्याच्या तोंडावरची काळी धूळ पुसली आणि लोटा तिथेच दगडांत ठेवून दिला. मी तो उचलून तिच्याबरोबर वर नेला.

गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्या दिवशी बळीरामने हॉटेलसमोर गाडी थांबवली नाही. बॅरिअरपलीकडे नेऊन उभी केली. त्याच्यामागे दुसऱ्याने, तिसऱ्याने. मी खाली उतरून गेलो तर सगळे घोळक्याने बोलत होते. मामीचा हात फिरला म्हणे. कोणीतरी म्हणालं, शेवटी रांडमुंड बाईचा हात, आपणच चुकलो. अरे, ती काय काल विधवा झाली होती? इतकी वर्षं ती विधवाच होती आणि तुम्ही रांगेत उभे होतात! माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की गाडी न्यूट्रलमध्ये होती, मी मागे होतो, आवाज बंद झालेला मी माझ्या कानांनी ऐकला.

बळीराम हळू आवाजात म्हणाला, "मेलेल्या पोरावर आळ घेतं, मेश्राम? त्याची माय आयकन तं?"

"अन् जित्या बाईवर घेता ते चालते?"

"तुमच्या घरी देवच नाई. तुले हे नाई समजन."

यावर मी बरंच बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण कोणी ऐकलं नाही. हॉटेल तिथून दहा पावलांवर होतं, मामी चुलीजवळ बसली होती आणि तिच्या कानावर सगळं जात होतं.

पुढच्या आठवड्यात सुखदेवची आई सानगडीहून आली. जागा बघायची म्हणाली. मी त्या दिवशी सायडिंगला होतो, मला बॅरिअरवरच्या नाकेदाराने नंतर सांगितलं. ती म्हातारी हॉटेलात जमिनीवर बसून राहिली आणि मामी तिच्याजवळ बसली. काय बोलल्या, कोणाला ठाऊक नाही. पण जाताना म्हातारी लोकांना सांगत गेली की त्या बाईनं स्वतः कबूल केलं, माह्या पान्यातच खोट आली होती, तुह्या पोरानं काही केलं नाई. झालं! बळीरामला आणखी काय हवं होतं? आणि मी खोटा पडलो तो पडलोच.

मी थांबायचं सोडलं नाही. पहिल्याच दिवशी गाडी तिच्या दारात लावली आणि म्हणालो, मामी, पानी टाक. तिने चहा दिला, प्यायला पाणी दिलं, पण लोट्याला हात लावला नाही. "नाई टाकत, बाबू," म्हणाली, "मले भेव लागते." मला वाटलं, लोकांचं बोलणं तिला खरं वाटू लागलं आहे. वाईट वाटलं, रागही आला. मी तिला किती समजावलं! ब्रेक, ड्रम, गेअर, सगळं. ती मान डोलवायची आणि भजी परतायची. नंतर मी मागायचं सोडलं. बाकीचे पलीकडे नव्या टपरीवर चहा प्यायला लागले. मामीच्या बाकड्यांवर कधी जंगलातली माणसं बसायची, कधी कोणीच नाही. माझी गाडी निघाली की ती बॅरिअरजवळ येऊन उभी राहायची, आणि मी उतार उतरून रपटा पार करेपर्यंत तिथेच असायची, असं नाकेदार सांगायचा. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

असे काही पावसाळे गेले. एका दुपारी मी नाक्यावर आलो तर चूल थंड आणि मामी आत चटईवर पडलेली. ताप असा की हात ठेवला तर चटका बसावा. तिच्या माहेरी-सासरी निरोप पाठवायला वेळ नव्हता, आणि पाठवला असता तरी कोण येणार होतं? मी आणि क्लीनरने तिला उचलून केबिनमध्ये बसवलं. तुमसरच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. निघताना मला कोपऱ्यात तो लोटा दिसला, हिरवा पडलेला. मी माठातून भरून आणला आणि तिच्या देखत पुढच्या डाव्या चाकावर पाणी टाकलं. चाकाला हात लावला. देव मानत नसलेल्या माणसाने हे का केलं, तर तिच्यासाठी आजवर असं कोणी केलं नव्हतं म्हणून. ती वरून बघत होती. तिने तोंडावर पदर घेतला.

वळण संपलं आणि उतार सुरू झाला, तेव्हा गेअरच्या दांड्यावर ठेवलेल्या माझ्या हातावर तिचा तापलेला हात आला.

"गेअरमंधी ठेव, बाबू."

"ठेवलीच हाय, मामी."

इंजिन गुरगुरत होतं. ती ऐकत होती. थोडं खाली आल्यावर म्हणाली, "त्या दिवशी आवाज बंद झाला होता. म्या नाक्यावरून आयकला होता."

मी तिच्याकडे बघितलं. रस्त्यावरून नजर काढायची नसते, पण बघितलं. म्हणालो, "मंग काहून नाई बोलली? मी बोंबलून रायलो होतो, अन् तू पान्यात खोट होती म्हने सांगितलं."

"त्याची माय आली होती ना." ती थांबून थांबून बोलत होती. "तिले एकच पोरगं. तिनं इचारलं, माह्या पोराचं काही चुकलं का? म्या काय सांगू? माह्या पान्याची चूक निघाली तं ती मले शिव्या देऊन जगन. पोराची निघाली तं कोनाले देईन?"

"अन् मले पानी कायले नाई टाकलं?"

"पानी टाकलं की तुमी पोरं उतारावर मोकळे होऊन जाता, बाबू. त्याचंच भेव."

रपटा आला. मी वळण घेतलं. पुढे तुमसरपर्यंत मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता, बाहीने डोळे पुसत चालवत होतो. तिला काय गमवावं लागलं हे मला ठाऊक होतं. हिरवं लुगडं, घासलेला लोटा, रांगेतल्या गाड्या. ते सगळं तिने त्या म्हातारीच्या पदरात टाकलं होतं, आणि वरून आमच्यासारख्यांचं समजावणं ऐकून घेतलं होतं.

दवाखान्यात ती काही दिवस काढू शकली. ताप उतरला नाही. ती गेली तेव्हा जवळ मी आणि लतीफभाई होतो. लतीफभाईने गाडीसारखंच बिस्मिल्ला म्हटलं आणि मी त्रिसरण म्हटलं. तिच्या देवाचं काय म्हणायचं ते आम्हा दोघांनाही येत नव्हतं.

पुढची गोष्ट लिहिताना हात थांबतो. वर्षभरात नाक्यावरच्या तिच्या चुलीच्या जागी कोणीतरी एक दगड उभा केला. शेंदूर लावला. बळीरामनेच लावला असं लोक म्हणतात, मी विचारायला गेलो नाही. मामी कडक होती, मामी जागृत होती, असं सुरू झालं. ज्यांनी बॅरिअरपलीकडे गाड्या नेल्या, तेच थांबून दगडावर पाणी ओतायला लागले, आणि उरलेलं चाकावर. नाव पडलं, पाणीवाली माय. मी सांगून बघितलं की ती काय म्हणाली होती. लोकांनी मान डोलवली, जशी ती माझ्यापुढे डोलवायची.

ऐंशीचं दशक सरता सरता मी खाणीची लाईन सोडली. डोळे कमजोर झाले होते. शेवटच्या फेरीला नाक्यावर थांबलो. माझ्यापुढे एक नवीन ड्रायव्हर होता, मिसरूड फुटलेला. त्याने डब्यातलं पाणी दगडावर टाकलं, चाकावर टाकलं, हात जोडले. मन लावून करत होता, खोटं नव्हतं त्यात काही. मी खिडकीशी जाऊन त्याला म्हणालो, उतारावर गेअरमंधी जाजो, बाबू. तो म्हणाला, हो काका, मायचं पानी टाकलं ना. बॅरिअर उठलं.

मी तिथेच उभा राहिलो, ती उभी राहायची त्याच जागी. ती कशासाठी उभी राहायची ते तेव्हा कळलं. वळणापर्यंत इंजिन गुरगुरत गेलं. मग आवाज बंद झाला.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. खालून रपट्यापलीकडे त्याचा हॉर्न वाजला. पोरगं पोचलं. आज पोचलं, म्हणून उद्याही तो तसाच जाणार. मी त्या शेंदराच्या दगडापाशी खाली बसलो. हात जोडले नाहीत, पण बोललो.

"मामी, माहं कोनी आयकत नाई. तूच सांग वो आता ह्या पोरायले."